खोल बेससाठी कोणती पेटी? क्लिप्श, विल्चर आणि थील यांच्या तीन वाटा

घरासाठी स्पीकर निवडताना किमतीच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. खोल बेस, आटोपशीर पेटी आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत; एकीवर पाणी सोडावे, तेव्हा उरलेल्या दोन पदरात पडतात. केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तो किती कठोर आहे ते एका हिशेबावरून कळेल: कार्यक्षमता तीच ठेवून बेस एक सप्तक खाली उतरवायचा असेल, तर पेटीचे घनफळ आठपट करावे लागते. आज दुकानात दिसणारा प्रत्येक स्पीकर म्हणजे या नियमाशी केलेली एखादी तडजोड असते, आणि त्या तडजोडींच्या मुख्य वाटा जुन्या पिढीतील संशोधकांनीच आखून ठेवल्या आहेत.

पॉल क्लिप्श यांनी लहान आकाराचा मोह सोडला. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी 1946 मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि त्यांचा क्लिप्शहॉर्न हा कर्ण्याचा स्पीकर आजही तयार होतो. 35 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ 10 मीटर असते, त्यामुळे तेवढ्या खोल स्वरासाठी सरळ कर्णा बांधायचा तर तो राहत्या खोलीत मावणे अशक्यच. क्लिप्श यांनी कर्ण्याला घड्या घालून तो पेटीत बसवला आणि त्याचा शेवटचा, सर्वांत रुंद भाग म्हणून खोलीच्या कोपऱ्यातील दोन भिंती आणि जमीनच वापरली. यात 15 इंची वूफरच्या, म्हणजे बेस वाजवणाऱ्या भागाच्या, कोनाला (पुढेमागे हलणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्याला) फार थोडे हलावे लागते, आणि कोन जितका कमी हलेल तितकी स्वराची विकृती कमी, हा क्लिप्श यांचा कायमचा आग्रह होता. एका वॉटला 105 डेसिबल ही कंपनीने सांगितलेली संवेदनशीलता आहे. मात्र त्यासाठी खोलीला दोन मोकळे, पक्के कोपरे लागतात, आणि ऐकणाऱ्याची बैठक त्या कोपऱ्यांवरून ठरते.

एडगर विल्चर यांनी नेमकी उलट बाजू घेतली, आणि माझ्या मते घरगुती श्रोत्यावर सर्वांत मोठे उपकार त्यांचेच आहेत. त्या काळच्या वूफरचा कोन ताठ कडेने धरलेला असे. खोल स्वरासाठी तो लांबवर हलू लागला की कडेचा ताण असमान होई आणि बेस गढूळ येई. विल्चर यांनी ही कड जवळजवळ ढिली सोडली आणि कोनाला मागे खेचण्याचे काम हवाबंद पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवले, कारण अशा हवेची स्प्रिंग कागदी-कापडी कडेपेक्षा कितीतरी सरळ वागते. पहिल्या नमुन्यासाठी त्यांनी वूफरची मूळ कड कापून टाकली आणि त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या खोळीच्या कापडातून नवी कड बेतून दिली. 1954 मध्ये आपले विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च (एआर) ही कंपनी काढली. दोन घनफुटांहून लहान पेटीतून निघणारा तो बेस तोपर्यंत कपाटाएवढ्या पेट्यांकडूनच अपेक्षित असे. पुढे फाइन आर्ट्स क्वार्टेट या तंतुवाद्य-चौकडीच्या प्रत्यक्ष वादनाच्या मध्येच एआर-3 स्पीकर सुरू करून, फरक ओळखता येतो का, याची जाहीर प्रात्यक्षिकेही कंपनीने केली.

याची किंमत वॉटमध्ये मोजावी लागते. एआर-3 ची संवेदनशीलता 85 डेसिबलच्या आसपास, म्हणजे क्लिप्शहॉर्न 1 वॉटवर जेवढा वाजतो तेवढे वाजायला याला सुमारे 100 वॉट हवेत. पन्नाशीच्या दशकात ही मोठी अडचण होती; आज वॉट स्वस्त आहेत आणि जागा महाग.

तिसरी वाट पोर्टच्या, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी मुद्दाम भोक ठेवलेल्या, पेटीची. तिचे पेटंट बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना 1932 मध्येच मिळाले होते, पण भोक केवढे ठेवायचे हे बराच काळ अंदाजानेच ठरत राहिल्याने हा प्रकार घुमणाऱ्या बेससाठी बदनाम झाला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि त्यानंतर सत्तरीच्या दशकारंभी रिचर्ड स्मॉल यांनी त्याचे गणित मांडले, तेव्हा ती विश्वासार्ह झाली. त्याच आकारात ती हवाबंद पेटीपेक्षा खाली जाते किंवा जोरात वाजते. पोर्ट ज्या स्वराला जुळवलेले असते त्याच्या खाली मात्र तिचा आवाज सप्तकामागे 24 डेसिबलने कोसळतो, हवाबंद पेटीचा 12 डेसिबलने. शिवाय तिथे कोनाला हवेचा आधार उरत नाही, म्हणून वाकलेली रेकॉर्ड लावली की वूफर विनाकारण फडफडताना दिसतो.

आता आपल्या खोल्यांकडे पाहू. 12 फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपास स्वर साचतो, आणि विटा-काँक्रीटच्या भिंती अमेरिकेतील पोकळ भिंतींइतका बेस शोषत वा बाहेर सोडत नाहीत. अशा खोलीत पोर्टचा भरगच्च बेस लवकर जड होतो, तर हवाबंद पेटीच्या हळूहळू उतरणाऱ्या बेसला खोली खालून हात देते. आपण काय ऐकतो हेही पाहावे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर लागते, 27.5 हर्ट्झचा पियानोचा सर्वांत खालचा स्वर किंवा पाइप ऑर्गन ज्याला हवा, त्याची गरज वेगळी. ख्याल, नाट्यसंगीत, डग्ग्याची घुमक आणि जुन्या चित्रपटगीतांसाठी 45 हर्ट्झपर्यंतचा स्वच्छ बेस 30 पर्यंतच्या सैल बेसपेक्षा कितीतरी समाधान देतो.

म्हणून फ्लॅटमधल्या श्रोत्याने हवाबंद पेटी आणि दणकट अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, असे मी ठामपणे सांगेन. मोठ्या दालनात चित्रपट किंवा नाचाची गाणी वाजवायची असतील तर पोर्टची पेटी योग्य. क्लिप्शहॉर्नचा विचार ज्यांच्याकडे वाड्यासारखी ऐसपैस खोली आणि कमी वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्यांनीच करावा. त्यांना दुसरे काही आवडणे अवघड आहे.

जुना एआर घेणार असाल तर जाळी काढून वूफरची कड पाहा. सुरुवातीच्या जोड्यांची कड कापडाची असे आणि ती टिकते; नंतरची फोमची कड दमट हवेत भुगा होते, ती बदलून घ्यावी लागते. मागचे लेव्हलचे नॉब गंजलेले असतील तर ट्वीटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा भाग, मधूनच बंद पडतो. शेवटी कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सावकाश आत दाबून सोडा: तो संथपणे वर आला तर पेटी हवाबंद आहे, झटकन उसळला तर कुठेतरी गळती आहे.