मॅट्रिजेल : अभिस्तराच्या पेशींसाठी उत्तम, इतर ऊतींसाठी अपुरे

प्राण्यांच्या पेशी त्रिमितीत वाढवणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये मॅट्रिजेलच्या, म्हणजे पेशींना आधार देणारा जेल बनवणाऱ्या अर्काच्या, कुप्या असतात. कॉर्निंग कंपनीचे हे उत्पादन मी आतड्याच्या आणि स्तनग्रंथीच्या पेशींसाठी नियमितपणे वापरले आहे. ज्या पेशी शरीरात आधारपटलावर (अवयवांचे अस्तर असलेल्या अभिस्तराखालच्या पातळ थरावर) बसलेल्या असतात, त्यांच्यासाठी याहून भरवशाचे तयार उत्पादन मला मिळालेले नाही. परंतु ‘पेशीबाह्य आधारद्रव्य’ (पेशींभोवतीचे, त्यांना आधार देणारे द्रव्य) म्हणून ते कोणत्याही ऊतीच्या प्रयोगात सरसकट वापरण्याची पद्धत पडली आहे, ती मला अयोग्य वाटते.

याचे कारण असे की पेशीबाह्य आधारद्रव्य हा सर्व ऊतींत सारखाच असणारा पदार्थ नाही. स्नायुबंधात प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे कोलॅजन हे प्रथिन असते. तीन साखळ्यांच्या पिळातून बनलेले, सुमारे 300 नॅनोमीटर लांबीचे त्याचे रेणू एकमेकांशेजारी रचले जाऊन तंतू तयार होतात आणि ते ताण सोसतात. कूर्चेत दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनच्या जाळ्यात अॅग्रिकॅन हे शर्करायुक्त प्रथिन अडकलेले असते. त्याच्या ऋणभारित शर्करा-साखळ्या पाणी खेचून धरतात, आणि म्हणूनच सांधा दाब सहन करतो. महाधमनीची भिंत प्रत्येक ठोक्याला ताणली जाऊन पूर्ववत होते ती इलॅस्टिन या लवचिक प्रथिनामुळे. अभिस्तराखालचे आधारपटल या सर्वांहून वेगळे आहे. त्यातील चौथ्या प्रकारचे कोलॅजन तंतू न बनवता जाळी विणते, लॅमिनिन हे प्रथिन आपली स्वतंत्र जाळी विणते, आणि निडोजेन व पर्लेकॅन ही प्रथिने या दोन्ही जाळ्यांना जोडतात. पेशी आपल्या बाह्य आवरणावरील इंटिग्रिन या ग्राहकांनी लॅमिनिनला धरतात. त्या पकडीतूनच आपली खालची बाजू कोणती, वाढायचे की थांबायचे, जगायचे की मरायचे, याचे संकेत त्यांना मिळतात.

मॅट्रिजेलच्या कुपीत असते ते हे आधारपटल, आणि तेही एका विशिष्ट उगमाचे. एंगेलब्रेथ-होल्म-स्वार्म या नावाने ओळखली जाणारी उंदरांमधील गाठ आधारपटलाचे घटक विपुल प्रमाणात तयार करते. 1979 साली रुपर्ट टिंपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅमिनिन वेगळे केले ते याच गाठीतून, आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिंडा क्लाइनमन व जॉर्ज मार्टिन यांनी तिच्यापासून जेल बनणारा अर्क विकसित केला. त्यातील सुमारे 60 टक्के प्रथिन लॅमिनिन असते, सुमारे 30 टक्के चौथ्या प्रकारचे कोलॅजन, आणि उरलेल्यात निडोजेन, पर्लेकॅन व वृद्धिघटक (पेशींना वाढीचा संकेत देणारी प्रथिने) येतात.

हाताळणी शिस्तीची आहे, पण अवघड नाही. कुपी 4 अंशांवर रात्रभर बर्फात ठेवून वितळू द्यावी, पिपेटची टोके व नळ्या आधीच गार कराव्यात आणि बुडबुडे न होऊ देता हळू ढवळावे. खोलीच्या तापमानाला अर्क घट्ट होऊ लागतो, 37 अंशांवर थोड्याच वेळात पक्का जेल होतो. पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे टाळण्यासाठी पहिल्याच दिवशी लहान भाग करून ठेवावेत.

आपल्या क्षेत्रात या अर्काची कामगिरी खरोखर असामान्य आहे. प्लास्टिकवर पसरून आपली ओळख विसरणाऱ्या स्तनग्रंथीच्या पेशी या जेलमध्ये पोकळ गोलक बनवतात आणि योग्य संप्रेरके मिळाल्यास दुधाची प्रथिने तयार करू लागतात. मिना बिसेल यांच्या गटाच्या या कामामुळे आधारद्रव्य हे निव्वळ भराव नसून पेशीच्या जनुकांपर्यंत पोहोचणारा संदेश आहे, हे ठसठशीतपणे पुढे आले. 2009 साली नेदरलँड्समधील हान्स क्लेवर्स यांच्या गटाने आतड्याच्या एकेका मूलपेशीपासून लघुअवयव (अवयवासारखी रचना असलेले पेशींचे सूक्ष्म समूह) वाढवले, तेही मॅट्रिजेलमध्येच. असा लघुअवयव सूक्ष्मदर्शकाखाली फुटवे काढताना पाहणे हा माझ्या कामातील सर्वांत आनंदाचा भाग आहे.

आता मर्यादांकडे. शरीरात आधारपटल बहुतांशी जेमतेम शंभर नॅनोमीटर जाडीचे असते आणि पेशीच्या एकाच बाजूला असते. जेलमध्ये मात्र पेशी सर्व बाजूंनी त्यात बुडलेली असते. त्यामुळे आतड्याच्या लघुअवयवाची अन्नाकडची बाजू आतल्या पोकळीकडे वळते, आणि बाहेरून दिलेले औषध त्याच्या रक्ताकडच्या बाजूला पोहोचते. शोषणाचा अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट प्रयोग आखतानाच ध्यानात घ्यावी.

दुसरी मर्यादा घटकांच्या अनिश्चिततेची आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रथिन-विश्लेषणात या अर्कात हजाराहून अधिक वेगवेगळी प्रथिने आढळली आणि लॉटनुसार, म्हणजे उत्पादनाच्या खेपेनुसार, लक्षणीय फरकही दिसला. वृद्धिघटक कमी केलेला प्रकार मिळतो, पण त्यातही ते पूर्णपणे गेलेले नसतात. एखाद्या वृद्धिघटकाचाच परिणाम मोजायचा असेल, तर मी हा अर्क वापरणार नाही.

तिसरी मर्यादा ताठपणाची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. हा जेल काही शे पास्कल इतकाच ताठ असतो. 2006 साली अॅडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मऊ पृष्ठभागावर मूलपेशी चेतापेशींच्या दिशेने, सुमारे 10 किलोपास्कलवर स्नायूच्या आणि त्याहून कडक पृष्ठभागावर हाडाच्या दिशेने झुकतात. व्रणतंतू साठलेले यकृत किंवा स्तनाची कडक गाठ या मऊ जेलमध्ये उभी करता येत नाही. शिवाय अशा ठिकाणी प्राबल्य असते ते पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचे, जे या अर्काचा मुख्य घटक नाही.

अशा कामासाठी उंदराच्या शेपटीतून काढलेले कोलॅजन घ्यावे. ते आम्लात विरघळलेले येते, त्यामुळे वापरण्यापूर्वी सामू (pH) 7.4 च्या आसपास आणावा लागतो. पण घटक ज्ञात असतात आणि तंतू खरोखर बनतात. (याच रेणूच्या तिपेडी पिळाची रचना 1954-55 मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, हे आपल्याकडील विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.) पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या कृत्रिम जेलमध्ये ताठपणा आणि संकेत दोन्ही स्वतंत्रपणे ठरवता येतात, मात्र ती प्रत्येक पेशीप्रकारासाठी नव्याने जुळवावी लागतात.

मॅट्रिजेल घेणाऱ्यांनी प्रत्येक कुपीसोबतच्या प्रमाणपत्रावरील प्रथिनांचे प्रमाण पाहावे, लॉट क्रमांक नोंदवहीत लिहावा, आणि प्रकल्प मोठा असल्यास नमुन्याची चाचणी करून एकाच लॉटच्या पुरेशा कुप्या राखून ठेवाव्यात. आतडे, स्तनग्रंथी, लाळग्रंथी यांच्या अभिस्तरासाठी मी हे उत्पादन निःशंकपणे सुचवेन. कूर्चा, हाड आणि स्नायुबंध यांच्यासाठी नाही.