मदरबोर्ड तोच, आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड ही माझ्या संगणकाची मूळ जुळणी होती. मदरबोर्ड तोच ठेवून मी आधी रायझन ७ ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बसवला, काही काळाने नवा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) आणि आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड घेतले व सर्वांत शेवटी १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेलचा) मॉनिटर आणला. ग्राफिक्स कार्डाच्या आधी प्रोसेसर बदलण्याचा हा क्रम अनेकांना उलटा वाटेल, कारण गेमिंगसाठी पहिला खर्च कार्डावर करावा असाच सल्ला सहसा दिला जातो. माझ्या खेळांसाठी मात्र हाच क्रम योग्य होता, हे माझे मत इतक्या महिन्यांच्या वापरानंतर अधिकच पक्के झाले आहे.

मी प्रामुख्याने शहर उभारणीचे, कारखाने चालवण्याचे आणि विमान उड्डाणाचे खेळ खेळतो. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर या संगणकाचा वापर मोजणाऱ्या प्रोग्रामांच्या साहाय्याने पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावून खेळू लागल्यावर असे दिसले की, शहर मोठे झाले की ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली येतो. म्हणजे कार्ड रिकामे बसते आणि प्रोसेसरची वाट पाहते. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणले. कार्ड कमी पडत असते, तर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या लगेच वाढली असती. ती जवळजवळ जागची हलली नाही. येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरचा एकूण वापर पाहून निष्कर्ष काढू नये. बारा थ्रेडच्या (एका वेळी कामाच्या बारा धारा चालवणाऱ्या) प्रोसेसरवर खेळाचा मुख्य थ्रेड एकट्याने पूर्ण क्षमतेने धावत असला, तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के दिसतो, आणि ४० टक्के वापर पाहून प्रोसेसर निवांत आहे असा समज होतो.

सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती फ्रेम) मी फ्रेम टाइमच्या, म्हणजे एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेच्या, आलेखाकडे अधिक लक्ष दिले. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. पण सरासरी ६० दिसत असतानाही एखादी फ्रेम ६०-७० मिलिसेकंद घेते, तेव्हा माउस फिरवताना तो झटका स्पष्ट जाणवतो. अपग्रेडचा क्रम ठरवताना हे झटके कोठून येतात हाच प्रश्न पहिला असावा, असे मला वाटते.

५७००एक्स३डी निवडण्याचे कारण त्याच्या कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीमध्ये, आहे. ३६०० चा बूस्ट (कमाल) वेग ४.२ गिगाहर्ट्झ, तर या नव्या प्रोसेसरचा ४.१; केवळ हे आकडे वाचणाऱ्याला हा बदल मागे जाण्यासारखा वाटेल. परंतु यात नव्या पिढीचे आठ कोर आहेत आणि नेहमीच्या ३२ एमबी एल३ कॅशेवर ६४ एमबीचा आणखी एक थर चढवून एकूण ९६ एमबी कॅशे दिलेली आहे. हजारो नागरिक, वाहने आणि सरकपट्टे यांची माहिती रॅममध्ये विखुरलेली असते. ती रॅममधून आणायला साधारण सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद लागतात, तर एल३ कॅशेतून दहा-बारा. त्यामुळे अशा खेळांत घड्याळी वेगापेक्षा कॅशेचा आकार अधिक उपयोगी पडतो. माझ्या बाबतीत जुन्याच १६६० सुपरवर, कार्डाला हातही न लावता, मोठ्या शहरांतील फ्रेम टाइमचा करवतीसारखा आलेख बराच सपाट झाला, आणि तो आजही तसाच आहे.

प्रोसेसर बदलताना बायोस (मदरबोर्डवरील मूलभूत सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करावे लागते, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे. त्याआधी विंडोजमध्ये ड्राइव्हचे बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहून रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी, कारण प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी प्रोसेसरमधील सोय) नव्याने तयार होते आणि संगणक सुरू होतानाच ती की मागितली जाऊ शकते. एएम४ या सॉकेटच्या (माझ्या बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याच्या जागेच्या) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. थर्मल पेस्ट घट्ट झालेली असेल, तर हीटसिंक सरळ वर ओढल्यावर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. म्हणून संगणक थोडा वेळ भाराखाली चालवून पेस्ट गरम करावी, नंतर संगणक बंद करून वीज काढावी, आणि हीटसिंकचे स्क्रू काढल्यावर ती डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत पकड सुटल्यावरच उचलावी. बायोस अद्ययावत केल्यावर एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) बंद होते आणि ३२०० वेगाची रॅम मूळच्या कमी वेगावर जाते. ते पुन्हा चालू करायला विसरू नये. या प्रोसेसरसोबत कूलर मिळत नाही, आणि ३६०० सोबत आलेला लहान कूलर त्याला अपुरा आहे. ९० अंश ही याची तापमानमर्यादा असून मध्यम आकाराच्या टॉवर कूलरवर खेळताना मी तिच्या बराच आत राहतो.

ग्राफिक्स कार्ड निवडताना बी४५० मधील पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटचा (कार्ड बसवण्याच्या जागेचा) विचार करणे भाग होते. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० यांसारखी कार्डे आठच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) वापरतात, त्यामुळे अशा बोर्डावर त्यांना एका दिशेला सेकंदाला सुमारे ८ जीबी एवढाच मार्ग मिळतो. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर याचा त्रास जाणवत नाही. पण ८ जीबी भरून माहिती मुख्य रॅममधून ये-जा करू लागली की ही अरुंद वाट झटक्यांच्या रूपाने उघडी पडते. सोळा लेन आणि १२ जीबी मेमरी असलेले ४०७० घेण्यामागे हेच कारण होते. त्याची वीजमर्यादा २०० वॅट आहे आणि त्यासाठी ६५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस आहे. मी तेवढ्याच क्षमतेचा घेतला. एसएमपीएस बदलताना सगळ्या केबलही बदलाव्यात. मॉड्युलर केबलची एसएमपीएसकडील जोडणी सर्वत्र सारखी नसते, आणि जुनी केबल नव्यात बसली म्हणून वापरली तर हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळू शकते.

१४४०पी मध्ये १०८०पी च्या १.७८ पट पिक्सेल असतात, त्यामुळे मॉनिटर कार्डाच्या नंतरच घेणे इष्ट होते. रॅम ३२ जीबी केली, तीही जुन्या कांड्या काढून १६-१६ च्या दोन बसवून, कारण चार कांड्यांवर पूर्ण वेग टिकेलच असे नाही. सॅटा एसएसडीऐवजी एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची एसएसडी) घेतल्याने खेळ उघडण्यात जो फरक पडला, तो नगण्य आहे.

जे सुटले नाही, तेही सांगतो. काही नव्या खेळांत प्रथमच एखाद्या भागात शिरताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्यामुळे येणारा अडखळा अजूनही येतो. तो खेळाच्या बांधणीतला दोष आहे आणि कोणत्याही सुट्या भागाने पूर्णपणे जात नाही. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. एएम४ चा प्रवास येथे संपतो. यापुढे बराच वेगवान प्रोसेसर हवा असेल, तर एएम५ (एएम४ च्या पुढचा सॉकेट) बोर्ड आणि डीडीआर५ रॅम यांसह तिन्ही गोष्टी एकदम घ्याव्या लागतील. म्हणून ज्यांच्याकडे एएम४ बोर्ड आधीपासून आहे, त्यांनाच मी हा प्रोसेसर सुचवेन. नव्याने पूर्ण संगणक जुळवणाऱ्यांनी एएम५ वरच सुरुवात करावी. आता १४४०पी वर माझ्या बहुतेक खेळांत कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहतो आणि फ्रेम टाइम स्थिर असतो, त्यामुळे १२ जीबी मेमरी अपुरी पडू लागेपर्यंत आणखी काही बदलण्याचा माझा विचार नाही.