कुटुंबासाठी पॅक्स वॉर्डरोब घ्यावा का? मापं, मांडणी आणि कुठे फसतं

चार माणसांच्या घरासाठी आयकियाचं पॅक्स, म्हणजे सुट्या चौकटी (कपाटाचे उभे खोके) शेजारी-शेजारी जोडून बनवायचं कपाट, घ्यायला आमची हरकत नाही. मात्र दिसायला भव्य म्हणून सगळ्या चौकटी 100 सेमी रुंदीच्या घेऊ नका. पॅक्सबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याचशा या एका निवडीपाशी येऊन थांबतात: कप्पे मध्ये झुकले, घड्या कोसळतात, मागचं काही सापडत नाही.

आधी हातात नेमकं काय पडतं ते पाहू. पॅक्सच्या चौकटी 50, 75 आणि 100 सेमी रुंदीत, 35 आणि 58 सेमी डेप्थमध्ये, 201 आणि 236 सेमी उंचीत मिळतात. कप्पे, ड्रॉवर, दांडे हे सगळं कॉम्प्लिमेंट या नावाने वेगळं घ्यायचं. दरवाजेही वेगळे आणि दरवाजाच्या बिजागऱ्याही वेगळ्या. भिंतीला चौकट बांधायची पट्टी सोबत येते, पण भिंतीत जाणारे स्क्रू आणि प्लग (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालायची नळी) येत नाहीत, कारण भिंत कशाची आहे हे कंपनीला माहीत नसतं. यादी करताना बिजागऱ्या आणि प्लग या दोनच गोष्टी राहून जातात आणि काम अर्ध्यावर थांबतं.

आता रुंदीकडे येऊ. बाजूच्या फळ्यांची जाडी वजा केली की आत साधारण 46, 71 आणि 96 सेमी जागा उरते. टी-शर्टची घडी सवयीने 28 ते 30 सेमी रुंद घातली जाते. अशा घडीची 46 मध्ये एकच रास बसते, 71 मध्ये दोन, 96 मध्ये तीन, आणि उरलेल्या फटीत मोजे नाहीतर चार्जर जाऊन पडतात. घडी 22 ते 23 सेमीची केली तर हिशेब चोख बसतो: अनुक्रमे दोन, तीन आणि चार रासा. पुठ्ठ्याचा 22 सेमी रुंद तुकडा कापून त्यावर घड्या घालाव्यात, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या घड्या एकसारख्या पडतात. कपाट न बदलता, नुसत्या या पुठ्ठ्याने एका कप्प्यात एक रास जास्त मावते.

फळी झुकण्याचं कारण साधं आहे. दोन टोकांवर टेकलेल्या फळीवर सगळीकडे सारखं वजन असेल, तर झुकाव लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 71 ऐवजी 96 सेमीची फळी, जाडी तीच, दर सेंटिमीटरला वजन तेच, तरी झुकाव तिपटीहून जास्त. शिवाय पॅक्सच्या फळ्या पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या असतात, आणि हा बोर्ड वजनाखाली हळूहळू वाकतच राहतो. नवी असताना सरळ दिसलेली फळी काही महिन्यांनी पोट काढते ती त्यामुळे. जीन्स, टॉवेल, चादरी, पुस्तकं यांसाठी 50 किंवा 75 चीच चौकट घ्यावी. 100 ची चौकट हँगरसाठी उत्तम: तिथे वजन धातूच्या दांड्यावर येतं आणि कपडे एका सलग रांगेत दिसतात.

तुमच्या भिंतीत काय बसेल हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: 50, 75, 100 या आकड्यांची कुठलीही बेरीज 25 च्या पटीतच येते. भिंत 190 सेमी असेल तर 175 पर्यंतच जाता येतं, 15 सेमी उरतात. ही जागा दोन्हीकडे साडेसात-साडेसात अशी वाटू नका, दोन्ही फटी धुळीच्या होतात. सगळी एका बाजूला घेतली तर घडीचं इस्त्रीचं टेबल उभं राहतं. मात्र कपाटाचं टोक आडव्या भिंतीला भिडत असेल, तर त्या बाजूला 3 ते 5 सेमीची पट्टी हवीच. नाहीतर हँडल भिंतीवर आपटतं, दरवाजा काटकोनापलीकडे उघडत नाही आणि आतला ड्रॉवर त्याला घासतो. भिंतीचं माप जमिनीलगत, मध्यावर आणि छताजवळ अशा तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत लहान माप धरा. भिंती ओळंब्यात असतीलच असं नाही.

उंचीतही फसगत होते. 236 ची चौकट जमिनीवर आडवी जोडून उभी करायची, तर ती वळताना तिचा कर्ण छताखालून जावा लागतो. 236 आणि 58 चा कर्ण 243 सेमी भरतो. छत 240 वर असेल तर कपाट खोलीत मावतं, पण उभं राहत नाही, आणि हे कळतं तेव्हा चौकट जोडून झालेली असते. 35 डेप्थचा कर्ण 239 च्या आत आहे, म्हणून ती त्याच छताखाली जेमतेम उभी होते. फॉल्स सीलिंगची खाली आलेली कड, पंखा, दिवे हेही मोजा.

दोन दांडे एकाखाली एक लावायचे असतील तर 236 च घ्या. हँगरवरचा मोठ्या माणसाचा शर्ट दांड्यापासून साधारण 85 ते 90 सेमी खाली येतो आणि दांड्यावर हँगर काढण्यापुरते 5 सेमी लागतात, म्हणजे एका मजल्याला 95. 236 मध्ये आत सव्वादोन मीटरच्या आसपास उंची मिळते: दोन मजले बसून वर पांघरुणांसाठी कप्पा उरतो. 201 मध्ये दोन मजले ओढूनताणून बसतात आणि खालच्या शर्टांची टोकं तळाला लागतात. लांब कोट आणि गाऊन यांना दांड्याखाली 150 ते 160 सेमी मोकळे सोडावे लागतात. घरभर मिळून 50 सेमीची एक चौकट त्यासाठी बहुधा पुरते.

58 का 35? हँगर 42 ते 45 सेमी रुंद असतो, खांदे आणि बाह्या धरून 55 च्या आसपास जागा लागते, म्हणून टांगायला 58 च. 35 मध्ये पुढे सरकणारा दांडा मिळतो, त्यावर कपडे तोंड पुढे करून एकामागे एक लटकतात. सोय आहे, पण मावतात मोजकेच. घडीच्या कपड्यांसाठी मात्र आमचं मत 35 च्या बाजूने आहे. 58 डेप्थच्या कप्प्यावर घड्यांची दुसरी रांग मागे जाते आणि विसरली जाते. 35 मध्ये मागे जायला जागाच नाही, जे आहे ते समोर. शिवाय खोलीत चालायला 23 सेमी जास्त मिळतात. 58 च घेतली असेल तर कमरेखाली उघडे कप्पे ठेवू नका. तिथे ड्रॉवर किंवा बाहेर सरकणारे ट्रे लावा.

आतली मांडणी कॅटलॉगमधली चित्रं पाहून ठरवू नये. प्रत्येकाचे टांगायचे कपडे एका दांड्यावर, न दाबता, एकत्र सरकवा आणि टेपने लांबी मोजा. पातळ हँगरवर शर्ट 2 ते अडीच सेमी घेतो, जाड जॅकेट 5 ते 7. आलेल्या लांबीत पाचवा हिस्सा मिळवा, तेवढा दांडा त्या माणसाचा. घड्यांसाठी दोन कप्प्यांत 28 ते 30 सेमी अंतर धरा. याहून उंच रास खालचा कपडा ओढला की कोसळते. टॉवेल, चादरींना 35 ते 40 चालतात. चौकटीला आतून भोकांच्या रांगा आहेत, दोन भोकांत 32 मिमी अंतर, त्यामुळे कप्पा खालीवर करणं पाच मिनिटांचं काम आहे, आणि पॅक्सचा हा गुण आम्हाला सगळ्यांत जास्त आवडतो. म्हणूनच पहिल्याच खरेदीत सगळे भाग घेऊ नका. दांडे आणि निम्मे कप्पे लावून महिनाभर वापरा, मग काय कमी पडतंय ते आपोआप दिसतं.

सुट्या भागांपैकी ड्रॉवर पैसे वसूल करणारे. काचेचं तोंड असलेले ड्रॉवर मुलांना फार उपयोगी, कारण न उघडता आतलं दिसतं. ड्रॉवरच्या जागा ठरवण्याआधी बिजागऱ्या कुठे येणार ते पेन्सिलने खुणावून घ्या, नंतर हलवाहलव करावी लागत नाही. जाळीच्या टोपल्या खेळाच्या कपड्यांना ठीक, विणलेले स्वेटर मात्र त्यात अडकतात आणि मऊ कपड्यांवर जाळीचे वळ उठतात. पँटचा सरकता हँगर दिसायला देखणा, पण तेवढ्याच रुंदीत साध्या दांड्यावर जास्त पँट मावतात.

दरवाज्यांमध्ये सरकते की बिजागरीचे, हा प्रश्न पलंग सोडवतो. बिजागरीच्या दरवाज्याने कपाटाची डेप्थ 60 सेमी होते आणि 50 सेमीचं शटर पुढे येतं. माणूस उभा राहायला जागा धरून पलंगापर्यंत निदान 75 सेमी मोकळे हवेत. सरकते दरवाजे पुढे येत नाहीत, पण डेप्थ 66 होते आणि दोन चौकटी मिळून 150 किंवा 200 सेमीची रुंदी लागते. त्यांची खरी अडचण सकाळी कळते: एका वेळी अर्धंच कपाट उघडं, आणि दोघांना एकदम निघायचं असतं. सरकते घेतले तर डावं कपाट एकाचं, उजवं दुसऱ्याचं अशी वाटणी करू नका. रोज लागणारं सगळ्यांचं एका बाजूला, क्वचित लागणारं दुसऱ्या. दोन दरवाजे मध्यभागी एकमेकांवर येतात, तेव्हा तिथे ड्रॉवर अडकत नाही ना तेही पाहून घ्या.

जोडणीत घाई नको. मागची पातळ फायबरबोर्डची पाठ नुसतं झाकण वाटते, पण चौकट गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात, धरून ठेवते ती तीच. पाठ ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्हींत 2 मिमीहून जास्त फरक असेल तर कोपरा ढकलून सारखा करा, मगच ठोका. इथे चूक झाली की पुढे बिजागऱ्या कितीही पिळल्या तरी दरवाज्यांच्या फटी तिरक्याच राहतात. चौकट उभी केल्यावर खालचे पाय फिरवून लेव्हल लावा, शेजारच्या चौकटी एकमेकींना स्क्रूने जोडा, आणि दरवाजे अगदी शेवटी लावा.

भिंतीला बांधणं ही ऐच्छिक पायरी नाही. तीन-चार भरलेले ड्रॉवर एकदम उघडले की वजन पुढे येतं, आणि लहान मुलं तर त्यांचा जिना करतात. भरीव विटेला साधा प्लग पुरतो. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकला त्यासाठीचाच प्लग लागतो. जिप्समच्या भिंतीत स्क्रू आतल्या सांगाड्यातच गेला पाहिजे. स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून सुटतं आणि वर फट पडते, तेव्हा कपाटामागची स्कर्टिंग कापा किंवा फटीच्या जाडीचा लाकडी तुकडा मध्ये घालून स्क्रू आवळा. हवेत लटकलेला स्क्रू काही धरत नाही.

मुलांच्या खोलीत दांडा 90 ते 100 सेमीवर लावा, मूल स्वतः कपडे काढतं आणि ठेवतं. वर्षाकाठी दोन-तीन भोकं वर न्या. वरचा भाग हंगामी कपड्यांना आणि पुढच्या मापाच्या कपड्यांना द्या.

टिकाऊपणाबद्दल स्पष्ट सांगायचं तर पार्टिकल बोर्डाला पाण्याचं वावडं आहे. ओल्या पोछ्याचं पाणी खालच्या कडेत शिरलं की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. ओल येणाऱ्या भिंतीला हे कपाट लावूच नका, तिथे आधी भिंत दुरुस्त करा. घर बदलताना चौकट सुटी करता येते, पण स्क्रूची भोकं आणि पाठीच्या खिळ्यांच्या जागा दर वेळी थोड्या सैलावतात. एक स्थलांतर निभावतं. दुसऱ्या वेळी नवी पाठ आणि थोडा लाकडाचा गोंद लागेल असं धरून चाला. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्यांनी, किंवा छत उतरतं असलेल्या खोलीसाठी, प्लायवुडमध्ये सुताराकडून करून घेतलेलं कपाट किंवा भिंतीवर रेल ठोकून तिच्यावर कप्पे टांगायची पद्धत जास्त सोयीची पडते.