टोमॅटो गाळायचं हातयंत्र आणि बरणीतला सॉस: शिमग्यापासून गणपतीपर्यंत वापरल्यावर

हाताने फिरवायचं टोमॅटो गाळण्याचं यंत्र घ्यावं की नको, या विचारात कुणी असेल तर आधीच सांगते, घ्या. फक्त सॉस टिकतो तो यंत्रामुळे, असं समजू नका. यंत्रामुळे हात वाचतात. बरणी पावसाळा काढते ती आंबटपणावर आणि उकळीच्या वेळेवर.

आमच्या बेळगावात फेब्रुवारी-मार्चला कडोली, उचगाव, येळ्ळूरकडचं माळवं भरभरून येतं, तेव्हा टोमॅटोला कुणी विचारत नाही. आषाढात तोच टोमॅटो डोळे पांढरे करतो. २०२३च्या जुलैत शंभरी कशी ओलांडली ते सगळ्यांना आठवत असेल. रस काढून फ्रीजरमध्ये ठेवणं सोपं, पण इथल्या पावसात वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही. म्हणून काचेच्या बरण्या.

टोमॅटो घेताना गर बघा. लांबट, जाड सालीचे, आत पाणी कमी असलेले घेतले तर गॅस वाचतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का रक्षक’ हे वाण शेतकऱ्याकडे मिळालं तर सोडू नका, घट्ट गराचं असतं. गावठी टोमॅटो साराला अमृत, पण सॉससाठी आटवता आटवता दुपार जाते. पातळ सॉसच्या साडेचारशे मिलीच्या एका बरणीला साधारण सव्वा किलो टोमॅटो लागतात, दाट हवा असेल तर दीड किलो.

आता यंत्र. आतला मळसूत्री दांडा टोमॅटो दाबत जाळीच्या शंकूत नेतो; बाजूने गर पडतो, टोकातून साल-बिया बाहेर येतात. तो चोथा परत एकदा फिरवाच, सगळ्यात दाट गर त्यातच अडकलेला असतो. मिक्सरपेक्षा हे मला शंभर पटीने आवडलं. मिक्सरमध्ये बिया फुटून कडवटपणा येतो आणि हवा भरून रंग फिका, फेसाळ होतो. यात रंग लालच्या लाल राहतो. खालचं रबरी बूड गुळगुळीत कडाप्प्यावर ओला हात फिरवून बसवलं की हलत नाही. शहाबादी फरशीवर मात्र धरत नाही. काम झालं की लगेच धुवा, वाळलेली बी जाळीतून निघता निघत नाही. प्लास्टिकवर केशरी डाग पडतात, ते उन्हात ठेवल्यावर फिकट होतात.

तक्रार एकच, पण खरी आहे: दांड्याजवळची रबरी चकती काही महिन्यांतच सैल झाली आणि रस मुठीवर ओघळायला लागला. सुटी चकती मिळत नाही, असं दुकानदाराने सांगितलं. घेताना जादा चकती मिळते का ते विचारूनच पैसे द्या.

सॉस बरणीत ठेवल्यावर वर गर आणि खाली पाणी असा वेगळा होतो, अशी तक्रार बऱ्याच जणींची असते. टोमॅटो चिरला की त्यातली विकरं (एन्झाइम) गराला दाट ठेवणारं पेक्टिन तोडायला लागतात आणि पेक्टिन गेलं की गर पाणी सोडतो. म्हणून सगळे टोमॅटो चिरून ढीग घालायचा नाही. थोडे चिरायचे, पातेल्यात दाबून लगेच उकळी आणायची, मग उकळत्यातच पुढचे घालत जायचे. मऊ झाले की गाळायचे आणि आटवायचे. पातेलं स्टीलचंच हवं, आंबट रस ॲल्युमिनियमला आणि पितळेला चालत नाही.

आंबटपणाचा भाग मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू हवाबंद बरणीत वाढू नयेत म्हणून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६च्या खाली लागतो, आणि टोमॅटोचा पीएच नेमका या रेषेच्या अल्याड-पल्याड असतो. जिभेला आंबट लागतंय यावर विसंबता येत नाही. साडेचारशे मिलीच्या बरणीला मापाच्या छोट्या चमच्याने पाव चमचा सायट्रिक ॲसिड, प्रत्येक बरणीत वेगळं. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, म्हणून मी लिंबू वापरत नाही. चव फार आंबट वाटली तर चिमूटभर गूळ घाला, ॲसिड कमी करू नका.

गरम बरणीत गरम सॉस भरायचा, वर अर्धा इंच जागा सोडायची, काठ पुसून झाकण लावायचं. मग तळाला फडकं घातलेल्या उंच पातेल्यात, झाकणावर इंचभर पाणी राहील अशा बेताने उकळायचं. आमच्या आत्यांनी पहिल्याच वेळी विचारलं, “अगं, सॉस उकळलाय की, परत कशाला उकळतीस?” मी म्हटलं, “आत्या, भरताना बरणीत आणि झाकणाला जे लागलंय ते मारायचंय, आणि आतली हवाही काढायचीय.” वेळ उंचीवर ठरते. समुद्रसपाटीला या मापाच्या बरणीला ३५ मिनिटं पुरतात. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर, इथं पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं, म्हणून ४० मिनिटं, तीही खळखळ उकळी आल्यापासून मोजून. बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवा. थंड कडाप्प्यावर ठेवली तर काच तडकते.

संकेश्वरी मिरची, लसूण, तेलाची फोडणी बरणीतच घालायचा मोह होतो. घालू नका. कांदा-लसणाने आंबटपणा कमी होतो आणि हे सगळं गणित कोसळतं. फोडणी बरणी उघडल्यावर. साध्या सॉसचा फायदा मला गौरी-गणपतीत कळला: कांदा-लसूण वर्ज्य असतानाही हीच बरणी साराला चालली, आणि मिरचीचं तिखट ज्याच्या-त्याच्या ताटापुरतं राहिलं.

जुन्या लोणच्याच्या, जॅमच्या बरण्या धुऊन वापरता येतात, पण झाकण दर वेळी नवं हवं. आतला रबरी थर एकदा दबला की परत नीट बसत नाही. थंड झाल्यावर झाकणाचा मध्य खाली ओढलेला असला पाहिजे. बोटाने दाबून टक-टक करत असेल तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. पुढे कधी झाकण फुगलं, उघडताना फेस आला किंवा वास वेगळा वाटला तर चाखून बघायचं नाही. कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी टाकून द्या, टोमॅटो कितीही महाग असला तरी.