सिग्नलवर थरथरणारी जुनी गाडी आणि 900 रुपयांचा स्कॅनर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी 2012 सालची, पेट्रोलवर चालणारी चार सिलिंडरची सेडान असून ती आतापर्यंत 1 लाख 18 हजार किलोमीटर धावली आहे. गेल्या पावसाळ्यात इंदूरमधल्या पलासियाच्या सिग्नलवर उभी असताना ती थरथरू लागली. एरवी 750 च्या आसपास स्थिर असणारी आरपीएमची सुई 600 ते 900 च्या दरम्यान हेलकावे खात असे आणि एसी लावल्यावर कधीकधी इंजिन बंदच पडत असे. मिस्त्रींनी “मिसिंग मार रही है” म्हणत आधी चारही प्लग बदलले, मग इंजेक्टर साफ केले आणि तिसऱ्या खेपेस धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितले. त्या सेन्सरची किंमत ऐकल्यावर मी घरी परतलो आणि ब्लूटूथवर चालणारा एक साधा ओबीडी स्कॅनर मागवला, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे फोनवर दाखवणारे उपकरण.

जुन्या गाडीसाठी असे उपकरण घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बीएस-4 या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना ओबीडी-2 ही स्वतःचे बिघाड नोंदवणारी प्रणाली बंधनकारक झाली ती एप्रिल 2013 पासून. त्याआधीच्या गाडीत स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट दिसले, तरी सगळे आकडे मिळतीलच असे नाही. माझ्या गाडीत आवश्यक तेवढे मिळतात, पण ते संथपणे बदलतात, आणि एका वेळी चारपेक्षा अधिक आकडे पडद्यावर ठेवले तर सुईचे हेलकावे दिसेनासेच होतात.

पहिल्याच दिवशी पी 0171 हा कोड मिळाला. त्याचा अर्थ ‘मिश्रण पातळ’ एवढाच आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा अधिक. ऑक्सिजन सेन्सर बिघडला आहे असे तो कोड म्हणत नाही. सेन्सर फक्त चहाडी करतो, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा चहाडी करणाऱ्यालाच काढून टाकले जाते. माझ्या सेन्सरचे व्होल्टेज 0.1 ते 0.9 च्या दरम्यान नीट वरखाली होत होते, म्हणजे तो जिवंत होता. येथे मी एक चूक केली: उत्साहाच्या भरात कोड पुसून टाकला आणि त्यासोबत कोड नोंदला गेला त्या क्षणीचे तापमान, वेग, आरपीएम हे सारे साठवलेले आकडेही गेले. आता मी आधी पडद्याचा फोटो काढतो.

खरा उलगडा झाला तो फ्युएल ट्रिममुळे. मिश्रण बरोबर राखण्यासाठी गाडीचा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, ते हा आकडा सांगतो. इंजिन तापल्यावर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, माझा दीर्घकालीन ट्रिम अधिक 19 टक्के होता, म्हणजे संगणक 19 टक्के जास्त पेट्रोल देत होता. 2500 आरपीएमवर काही मिनिटे धरल्यावर तो अधिक 4 वर आला. फटीतून चोरवाटेने शिरणारी हवा आयडलिंगला एकूण हवेचा मोठा हिस्सा असते, पण रेस वाढली की तिचे प्रमाण नगण्य होते. याउलट पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर भार वाढेल तसा ट्रिम चढत गेला असता. एवढ्यावरून शोध इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या नळ्यांपुरता उरला. इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणाऱ्या पीसीव्ही नळीच्या कोपऱ्याला, खालच्या बाजूस, बोटाला लागेल पण डोळ्यांना दिसणार नाही अशी चीर होती. नळी बदलून काही दिवस गाडी चालवल्यावर ट्रिम अधिक 3 वर स्थिरावला. झालेला खर्च प्लगच्या एका संचापेक्षाही कमी होता.

जानेवारीत थरथर पुन्हा सुरू झाली आणि या वेळी स्कॅनरने काहीच सांगितले नाही. कोड नाही, ट्रिम ठीक, आरपीएम 740 ते 760. दोन रविवार मी हेच आकडे पाहत बसलो. वास्तविक उत्तर त्यांतच होते: इंजिन सुरळीत चालत होते, हादरे फक्त आमच्यापर्यंत पोहोचत होते. त्याच मिस्त्रींनी पहारीने इंजिन जरासे उचलून पाच मिनिटांत इंजिनाचे हादरे झेलणारे, फाटलेले रबरी माउंटिंग दाखवले. त्यांच्याविषयीचे माझे मत त्या दिवशी बरेच सुधारले.

किरकोळ तक्रारीही आहेत. उपकरण आठवडाभर सॉकेटमध्येच राहिले तेव्हा आधीच थकलेली बॅटरी उतरली, आणि रामबागेतल्या शेजारच्या काकांना सकाळी गाडी ढकलायला बोलवावे लागले. एबीएस आणि एअरबॅगचे कोड ते वाचत नाही. ॲपमधला ‘इंजिन आरोग्य’ नावाचा गुण नळी फाटलेली असतानाही 90 च्या वर होता, तो मी बंदच करून टाकला. इंजिन सुरू न करता चावी फिरवली की मॅनिफोल्डचा दाब, म्हणजे तेव्हा बाहेरच्या हवेचाच दाब, 95 किलोपास्कल दिसतो. समुद्रसपाटीवरील 101 ची अपेक्षा ठेवून मी तो सेन्सरही बिघडलेला ठरवणार होतो, पण इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे हे वेळेत आठवले.

सतत काढघाल केल्याने आता उपकरणाच्या पिना सैल झाल्या आहेत. पुढचा स्कॅनर घेईन तो बंद करण्याचे बटण असलेला.