टर्कीच्या मादीचं कॅनव्हास जाकीट: पाचपैकी साडेतीन

वस्तू काय ते आधी सांगते. जाड कॅनव्हासचा लांबट तुकडा, आतून सुती अस्तर आणि इलॅस्टिकचे दोन पट्टे. मादीचे पंख या पट्ट्यांतून बाहेर काढले की कापड मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवर बसतं. ऑनलाइन ‘पोल्ट्री सॅडल’ असं शोधलं की मिळतं. कोंबडीचा आकार टर्कीसाठी अजिबात घेऊ नका. फोटोत तो ऐसपैस दिसतो, पण टर्कीची निम्मी पाठही झाकत नाही. ‘टर्की’ असं स्पष्ट लिहिलेलंच मागवा, आणि मागवण्याआधी मादीची पाठ टेपने मोजा.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर कुडाळजवळच्या आमच्या वाडीत कोंबड्यांबरोबर टर्की पाळते. (दोघांची खुराडी वेगळी, हे आवर्जून सांगते. कोंबड्यांना फारसा त्रास न देणारा ब्लॅकहेड हा रोग टर्कीचा जीव घेतो.) जाकीट घातलेली मादी पहिल्यांदा अंगणात सोडली तेव्हा शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, “बाईनू, ह्या कोंबयेक आंगडा कित्याक घातलात?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर टर्कीच्या नराच्या वागण्यात आहे, आणि ते कळल्याशिवाय या वस्तूवर पैसे घालू नयेत.

जानेवारीनंतर दिवस लांबायला लागला की आमचा नर कामाला लागतो. वाडीत त्याला सगळे ‘सरपंच’ म्हणतात. पिसारा उभा, छाती फुगलेली, पंख जमिनीला टेकवून फरफटत नेलेले, आणि मध्येच ‘फ्फट्’ करून आतून येणारा खोल हुंकार. अंगण जांभ्याचं, त्यामुळे हंगाम भरात येईपर्यंत पंखांची टोकं झिजून कात्रीने छाटल्यासारखी होतात. डोक्याचा रंग बघता बघता लाल, पांढरा, निळा असा फिरतो. चोचीवरची सोंड एरवी आखडलेली असते, ती लांबून चोचीखाली लोंबते. जहांगीर बादशहासाठी मुकर्रबखानाने १६१२ च्या सुमारास गोव्याहून असाच एक नर नेला होता. बादशहाने त्याच्या रंग पालटणाऱ्या डोक्याचं आणि त्या सोंडेचं वर्णन स्वतः लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. आमच्या वाडीतली मंडळी मात्र “किलोला किती जाईल?” एवढंच विचारतात.

ही सोंड नुसती शोभेची नाही. रिचर्ड बुकहोल्झ या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवून दिलं की माद्या लांब सोंडेच्या नराला पसंती देतात आणि आखूड सोंडेचे नर त्याच्यापुढे माघार घेतात. तेव्हा एवढा थाटमाट चालला असला तरी शेवटचा शब्द मादीचाच. ती चरत चरत त्याच्या पुढ्यात येते आणि मनात असेल तर मान आखडून खाली बसते. ती बसली तरी सरपंच आपल्याच तोऱ्यात तिच्याभोवती फेऱ्या मारत राहतात; कधीकधी ती कंटाळून उठूनही जाते.

जाकिटाचं काम यानंतर सुरू होतं. कोंबड्याचं सगळं दोन-चार सेकंदांत उरकतं. टर्कीचा नर मादीच्या पाठीवर चढतो आणि खाली उतरेपर्यंत बराच वेळ तिथेच पाय तुडवत राहतो. आमच्याकडचा नर सात-आठ किलोचा, मादी साडेचार-पाच किलोची. त्याचे पाय घसरतात, नखं बाजूला ओढली जातात. आधी पिसं जातात, मग कातडी सोलते. वाईट म्हणजे पंखाखाली, मांडीच्या वरच्या अंगाला कातडी फाटली तर वरून काहीच दिसत नाही, कारण पिसं जखम झाकून टाकतात. मादी ओरडत नाही, खाणंही सोडत नाही. माश्या घोंगावायला लागल्या की मग कळतं. त्यातून दोन नर असले तर एक चढलेला असताना दुसरा त्याला ढकलतो आणि सगळा भार खाली बसलेलीवर येतो.

आमची कबरी सगळ्यांत लवकर बसते, म्हणून नराचा सगळा मोर्चा तिच्याकडे. तिच्या पाठीचा टकला पट्टा पाहूनच जाकीट मागवलं.

पहिला दिवस गमतीचा गेला. जाकीट अंगावर आलं की मादी उलट्या पावलांनी चालते, मग एका जागी थिजते. घाबरून लगेच काढू नका. दुसऱ्या दिवशी ती विसरून जाते. मला खरी शंका नराची होती. पाठीवर हे खाकी कापड बघून तो तिला ओळखेल का? उत्तर जुनं आहे. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात मार्टिन शाइन आणि एडगर हेल यांनी टर्कीच्या नरांपुढे मादीचा पुतळा ठेवला आणि त्याचा एकेक भाग काढत गेले. शेपटी गेली, पाय गेले, पंख गेले, तरी नर पुढे सरसावतच होते. शेवटी काठीवर नुसतं डोकं उरलं, त्याच्यापुढेही ते पिसारा फुलवून नाचले. नराला हवं असतं डोकं. सरपंचांनी जाकिटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कबरीची अंडी नंतर टॉर्चवर धरून पाहिली तेव्हा बहुतेकांत शिरांचं जाळं दिसत होतं. जाकिटाने फलन अडत नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

पाठीवर पिसं पुन्हा फुटायला लागली, जखम नवी झाली नाही. कॅनव्हासवर नखांचे ओरखडे दिसतात, म्हणजे एरवी ते कातडीवर उमटले असते. इथपर्यंत पूर्ण गुण.

आता दीड गुण कशाचा कापला ते. विक्रेत्याच्या पानावर ‘संपूर्ण संरक्षण’ लिहिलंय, ते खरं नाही. कापड पाठ झाकतं, पण बाजूंना फार लवकर संपतं, आणि नखं घसरतात ती नेमकी बाजूंना. माझ्या मते हा मापाचा नाही, रचनेचाच दोष आहे. ज्याने हे शिवलं त्याने टर्कीचा नर चढलेला कधी पाहिला नसावा. दुसरं म्हणजे इलॅस्टिक. हंगाम अर्धा होण्याआधीच ते सैल पडलं आणि जाकीट एका अंगाला लटकायला लागलं. कुडाळच्या शिंप्याकडून परकराचं रुंद इलॅस्टिक लावून घेतलं, तेव्हापासून नीट आहे. कडेचे सुटलेले धागे ताबडतोब कापा, नाहीतर बाकीच्या माद्या ते ओढत बसतात.

आमच्या हवेचं वेगळंच. मे महिन्यात कापडाखाली घाम नसला तरी ऊब साचते आणि उवांची चंगळ होते. दर आठवड्याला जाकीट काढून, पिसं उलटी करून बघायलाच हवं. पावसात कॅनव्हास भिजलं की दोन-दोन दिवस वाळत नाही, तेव्हा पहिल्या सरीबरोबर उतरवून ठेवावं. मादी खुडूक झाली तरी उतरवायचं. रवणीला बसलेली टर्की अठ्ठावीस दिवस जागची हलत नाही, तिला हा लबेदा नको. त्या काळात नरही तिच्यापासून लांब ठेवा, तो घरट्यातल्या मादीवरसुद्धा चढतो आणि अंडी फुटतात.

जाकिटाआधी करायच्या गोष्टी फुकटातल्या आहेत. नराची नखं कापून कानशीने गुळगुळीत करा. मध्यम वजनाच्या नराला पाच माद्या, भारी वजनाच्याला तीन, हे प्रमाण ठेवा. जादा नर नाताळआधी गोव्याकडे विकून टाका, तेव्हाच भाव असतो. आणि नराला रोज माद्यांत सोडायची गरजच नाही. टर्कीच्या मादीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, त्यांत नराचं बीज कित्येक आठवडे टिकतं. आठवड्यातून एक-दोनदा सकाळी सोडला तरी अंडी फलित निघतात आणि माद्यांच्या पाठीला आराम मिळतो. मादी आपल्यासमोर खाली बसते म्हणजे तिला नर कमी पडतोय, असंही समजू नका. हंगामात कबरी माझ्या पायाशीही बसते.

ज्यांच्याकडे रुंद छातीच्या पांढऱ्या जातीची टर्की आहे त्यांनी हे जाकीट घेऊच नये. त्या नराची छाती इतकी भारी असते की नैसर्गिक समागम त्याला जमतच नाही. मोठ्या फार्मवर त्यांचं कृत्रिम रेतनच करतात. आमच्या ओळखीच्या एका घरी अशीच पांढरी जोडी ‘ब्रीडिंग जोडी’ म्हणून विकली गेली. नाचतो झकास, अंडी सगळी वांझ.

बाकीच्यांनी घ्यावं, पण एकच, नमुना म्हणून. मग तो शिंप्यापुढे ठेवून बाजूंना चार-चार बोटं वाढवून शिवून घ्या. कापड जुन्या जीन्सचं चालतं, कॅनव्हासपेक्षा लवकर वाळतं.