सॅच्युरेशन स्लायडर लोरा: उणे बाजूच जास्त कामाची

स्टेबल डिफ्यूजन या मजकुरावरून चित्र काढणाऱ्या एआय प्रणालीतली चित्रे फिकी आली की पुष्कळजण सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाचा भडकपणा कमी-जास्त करणारा स्लायडर लोरा (मूळ मॉडेलला लावायचा छोटा जोड) उतरवून थेट १ वजनावर, म्हणजे पूर्ण जोराने लावतात. मग कुंकवाचा लाल डाग होतो आणि झेंडूच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून नुसता पिवळा गोळा उरतो. यात लोराचा दोष निम्माच.

आधी व्हीएई तपासा, म्हणजे मॉडेलच्या आतल्या आकड्यांचे दिसणारे चित्र करणारा भाग. स्टेबल डिफ्यूजनच्या १.५ आवृत्तीवर बेतलेल्या काही मॉडेलांत, विशेषतः ॲनिमेच्या, योग्य व्हीएई नसला की अख्ख्या चित्रावर राखाडी पडदा येतो. तो लोराने काढायला जाऊ नये. 'एफटी-एमएसई-८४००००' किंवा मॉडेलच्या कर्त्याने सुचवलेला व्हीएई निवडला की तो आपोआप जातो. दुसरा संशयित सीएफजी, म्हणजे मॉडेलने प्रॉम्प्ट (चित्राचे लेखी वर्णन) किती काटेकोर पाळावा तो आकडा. तो १२-१४ वर असेल तर रंग आधीच करपलेले असतात, त्यावर लोरा म्हणजे आगीत तेल. ६-७ वर आणा, मग चाचणी घ्या.

ऑटोमॅटिक११११ या स्टेबल डिफ्यूजन चालवायच्या प्रोग्रॅममध्ये लोराची फाइल 'मॉडेल्स' फोल्डरातल्या 'लोरा'त ठेवायची आणि प्रॉम्प्टमध्ये कोनी कंसांत लोरा, फाइलचे नाव व वजन अपूर्णविरामांनी तोडून लिहायचे. सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) कायम ठेवून, वेगवेगळ्या सेटिंगांची चित्रे शेजारी मांडणाऱ्या एक्स-वाय-झेड प्लॉटच्या 'प्रॉम्प्ट एस-आर'ने (प्रॉम्प्टमधला शब्द बदलत जाणारा पर्याय) उणे १ ते अधिक १ वजनांचा पट्टा एकदा काढून बघा. बहुतेक स्लायडरांचा उपयोगी टापू ०.२ ते ०.५ एवढाच असतो. पुढे गेले की रंगाबरोबर उजेड कडक होतो, त्वचा नारिंगी पडते, मागची झाडेसुद्धा जागा बदलतात. कारण साधे आहे: शिकवणीतल्या भडक चित्रांत कडक ऊनही होते, आणि जोडाला दोन्ही वेगळे करता आलेले नाहीत.

उणे बाजू मात्र मनापासून आवडावी अशी. जे मॉडेल मुळातच भडक आहे त्यावर उणे ०.३ लावले की पैठणीच्या जांभळ्यातल्या चुण्या परत दिसतात. चित्रातली लाल वाहिनी (लाल रंगाचे मूल्य) २५५ या कमाल आकड्याला टेकली की तिथला तपशील संपला, नंतर गिंप या चित्र-संपादकात कितीही झटलात तरी तो येत नाही. म्हणून चित्र किंचित मवाळ काढावे आणि उरलेला रंग गिंपमध्ये चढवावा. सगळीकडे सारखाच रंग वाढवायचा असेल तर लोराची गरजच नाही. लाल साडीची झाक हनुवटीवर हवी असेल तर मात्र लोराच हवा; गिंपचा सरकपट्टा ती आणू शकत नाही.

काळे गडद होत नाहीत, ही तक्रार वेगळी. तिथे 'एपी नॉइज ऑफसेट'सारखा जोड लागतो. मूळ मॉडेल सरासरी मध्यम उजेडाकडे ओढ घेते, ती ओढ तो सैल करतो. दोन्ही एकत्र वापरताना प्रत्येकाचे वजन निम्मे करा.

१.५ चा लोरा एसडीएक्सएल या स्टेबल डिफ्यूजनच्या मोठ्या मॉडेलवर चालत नाही. कॉम्फीयूआय हा दुसरा प्रोग्रॅम कन्सोलमध्ये (संदेशांच्या खिडकीत) 'की लोड झाली नाही', म्हणजे लोराचा तो भाग लागला नाही, अशा ओळी टाकतो आणि चित्र जसेच्या तसे येते. परिणाम दिसत नाही म्हणून वजन २ करण्याआधी त्या ओळी वाचा. तयार चित्राची मांडणी आवडली असेल तर लोरा इमेज-टू-इमेजमध्ये (तयार चित्रावरून नवे चित्र काढायच्या पद्धतीत), डीनॉइझिंग, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचे तो आकडा, ०.३ च्या आसपास ठेवून लावा. झाडे जागची फारशी हलत नाहीत.